जतन केलेल्या मोटारीच्या शोधात

जुनी मोटार विकत घेण्याचा संकल्प करून मी शोधास निघालो, तेव्हा माझ्या मनात एकच वाहन होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून सुमारे दहा वर्षे बाहेर पडत राहिलेली, आणि मुंबई-पुण्याकडचे शौकीन आजही जिला ‘डुक्कर फियाट’ या नावानेच ओळखतात, ती फियाट ११००. १०८९ घन सेंटिमीटरचे आटोपशीर इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर बसविलेला गिअर, पुढे एकसंध बाक आणि मागच्या बाजूस बिजागऱ्या असल्यामुळे उलटे उघडणारे पुढचे दरवाजे, ही तिची लक्षणे. डॉक्टर, वकील, लहान कारखानदार अशा ज्या वर्गाने स्वातंत्र्योत्तर काळात प्रथमच स्वतःची मोटार बाळगली, त्याच्या संसारात ती घरच्या माणसासारखी वावरली. तिच्याच वंशातील पद्मिनीची अखेरची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली, त्या सुमारास या घराण्याची निदान एक तरी गाडी चालत्या स्थितीत सांभाळावी, ही इच्छा माझ्या मनात दृढ झाली.

विक्रीस असलेल्या गाड्यांची वाण नव्हती. वाण होती ती जतन केलेल्या गाड्यांची. शहरातील विक्रेत्यांकडे ज्या गाड्या पाहिल्या, त्यांतील बहुतेकींवर नवा, आरशासारखा रंग चढविलेला होता, बैठकांना उंची आच्छादने होती आणि क्रोमचा भाग डोळे दिपवीत होता. परंतु बॉनेट उचलले की दुसऱ्याच गाडीचे इंजिन आढळावे, घड्याळाच्या तबकड्यांच्या जागी आधुनिक उपकरणे असावीत, आणि मूळचा रंग कोणता होता हे सांगावयास विक्रेत्यालाही पुस्तकाचाच आधार घ्यावा लागावा, असा प्रकार वारंवार अनुभवास आला.

या शोधात माझ्यासोबत एक वयोवृद्ध मिस्त्री येत असत. नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारात त्यांचे आयुष्य गेलेले. गाडी दिवसाच्या उजेडात पाहावयाची, आणि मालकाने आमच्या आगमनापूर्वी इंजिन तापवून ठेवलेले नसावे, हा त्यांचा पहिला दंडक. मऊ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक ते चाकावरच्या कमानींवरून व दरवाजांखालच्या पट्ट्यांवरून सावकाश फिरवीत. चुंबक जेथे पकड सोडी, तेथे पत्रा कुजून त्या ठिकाणी लांबी भरलेली आहे हे निश्चित समजावे. त्यानंतर पायाखालचे आवरण उचलून तळ तपासणे, डिक्कीतील जादा चाक काढून त्याखाली पाणी साचल्याच्या खुणा शोधणे, दरवाजा किंचित वर उचलून बिजागरी ढिली आहे काय ते पाहणे, आणि सर्वांत शेवटी इंजिन सुरू करून निळसर धूर येतो किंवा कसे याची खातरजमा करणे, असा त्यांचा क्रम असे. एकदा ते म्हणाले, “साहेब, इंजिन पुन्हा बांधता येतं. पत्रा गेला की गाडी गेली.” समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाड्या पाहिल्यावर या वाक्यातील सत्य मला पुरते पटले, आणि आम्ही आमचा मोहरा घाटमाथ्यापलीकडच्या कोरड्या प्रदेशाकडे वळविला.

पर्जन्यछायेत वसलेल्या फलटणला, एका जुन्या वाड्याच्या पडवीत, आम्हांस हवी होती ती गाडी भेटली. विद्यमान मालक निवृत्त शिक्षक. गाडी त्यांच्या वडिलांची, आणि वडील डॉक्टर असल्याने आसपासच्या खेड्यांतील रुग्णांकडे ते याच गाडीतून जात असत. बॉनेटच्या कडेवर वर्षानुवर्षांच्या पुसण्याने मूळचा राखी रंग इतका विरळ झाला होता की खालचा अस्तर-रंग दिसू लागला होता. मागच्या बाकाचे रेक्झिन दोन ठिकाणी उसवून त्याच दोऱ्याने, त्याच टाक्याने शिवलेले होते. मिस्त्रींचे चुंबक मात्र गाडीच्या सर्वांगावर कोठेही ढळले नाही. मालकांनी कपाटातून एक दप्तर काढून आमच्यापुढे ठेवले: खरेदीची पावती, कर भरल्याचे दाखले, विम्याचे कागद, आणि डॉक्टरांच्या हस्ताक्षरातील एक वही, जिच्यात तेल केव्हा बदलले, किती मैलांवर बदलले आणि काम कोणी केले याचा तपशील नोंदलेला होता. डॉक्टरांच्या पश्चात त्याच वहीत मुलाचे हस्ताक्षर सुरू होते. ती वही चाळताना मला जाणवले की मी इतके दिवस ज्या गोष्टीचा शोध घेत होतो, ती गोष्ट म्हणजे या दोन पिढ्यांनी खंड न पाडता घेतलेली काळजी, आणि मोटार हे तिचे दृश्य रूप होते.

कागदपत्रांची छाननी आम्ही पत्र्याइतकीच कसोशीने केली. नोंदणी पुस्तकातील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहिले. पंधरा वर्षांनंतरची नूतनीकरणे वेळोवेळी रीतसर झालेली होती. वडिलांच्या पश्चात वारसाने नावही लागलेले होते. कोणाचा बोजा नव्हता. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने, प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूप टिकविलेल्या खाजगी दुचाकी व चारचाकी वाहनांस ‘विंटेज’ म्हणून स्वतंत्र मान्यता मिळाली आहे. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, पुढील नूतनीकरणास पाच हजार, अशी ती तरतूद. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीस ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळतो, आणि पूर्वीपासून नोंदलेल्या गाडीस आपला जुना क्रमांक राखता येतो. अशी मान्यता घेतलेली गाडी नित्याच्या किंवा धंद्याच्या वापरास काढता येत नाही, ही अट मला योग्यच वाटते. ज्या गाडीचे पुस्तक हरवले आहे, तिची किंमत कितीही मोहक असली तरी तिच्यापासून दूर राहावे, हे मी प्रत्येक इच्छुकास आग्रहाने सांगेन. कारण रंग आणि यंत्र पैशाने परत मिळते, परंतु तुटलेली नोंदींची साखळी जोडून देण्याचे सामर्थ्य कोणत्याही कारागिरात नाही.

किमतीची बोलणी थोडक्यात आटोपली. त्याहून अधिक वेळ मालकांनी माझी चौकशी करण्यात घालविला. गाडी छपराखाली राहील काय, रंग बदलण्याचा विचार आहे काय, काम कोणाच्या हातून करून घेणार, असे त्यांचे प्रश्न होते. शेवटी ते म्हणाले, “गाडी तुम्ही चालवणार ना? नुसती शोभेला ठेवणार असाल, तर ती इथंच बरी आहे.” दर रविवारी तिला फेरी घडेल असे मी वचन दिले, तेव्हाच त्यांनी नमुना २९ व ३० वर सह्या केल्या आणि चासी क्रमांकाचा पेन्सिलीचा ठसा स्वतः घेऊन दिला.

गाडी ताब्यात आल्यावर मी रंगाला हात लावला नाही. शिसेविरहित आणि आता इथेनॉलमिश्रित झालेले पेट्रोल जुन्या रबरास अपायकारक असल्याने इंधनाच्या नळ्या तेवढ्या बदलल्या, ब्रेकचे काम मिस्त्रींकडून करून घेतले, आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवला. रंग विरळ झालेल्या त्या कडेवर नवा थर चढविला असता तर गाडी अधिक देखणी दिसली असती, हे मी नाकारीत नाही. पण डॉक्टरांच्या घरी तिने काढलेल्या वर्षांचा पुरावा त्याच थराखाली कायमचा गडप झाला असता. म्हणून जुने वाहन घेऊ इच्छिणाऱ्यांनी चकाकीपुढे थोडे थांबावे आणि विक्रेत्यापाशी प्रथम दप्तर मागावे. ज्याच्याजवळ असे दप्तर आहे, तो मालक आपल्या हाती वाहनाबरोबर एक वहिवाटही सोपवीत असतो, आणि ती पुढे चालविण्याची जबाबदारी ज्यास पेलेल, त्यानेच ते विकत घ्यावे.