वृषपर्व्यातील एक तारा

कार्तिकातील सायंकाळी उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले म्हणजे शर्मिष्ठेच्या पश्चिमेस वृषपर्वा नावाचा एक फिकट तारकासमूह दिसतो. त्यातील एक तारा सुमारे पाच दिवस नऊ तासांच्या फेऱ्याने उजळतो व मंदावतो. गेल्या वर्षी तीन आठवडे मी गच्चीवरून त्याचा हा खेळ पाहिला. शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी ताडून पाहिले असता साध्या डोळ्यांसही तो कळतो. चढतो झपाट्याने, उतरतो सावकाश. याच जातीच्या ताऱ्यांनी विश्व मोजण्याची काठी मनुष्याच्या हाती दिली. ती काठी जिने शोधली, त्या हेन्रिएटा लेव्हिटचे नाव मात्र सुशिक्षितांच्या घरीही क्वचितच ऐकू येते.

१८६८ साली अमेरिकेत जन्मलेल्या या बाई हार्वर्डच्या वेधशाळेत प्रथम बिनवेतन, पुढे तासाला तीस सेंटांवर काम करीत. अशा स्त्रियांना तेथे ‘कॉम्प्युटर’ म्हणत. तेव्हा तो शब्द यंत्राचा नव्हे, माणसाचा होता! पेरू देशातील आरेकिपा येथून काचेच्या छायापट्ट्या येत आणि मिस लेव्हिट भिंग लावून त्यांवरील काळे ठिपके तोलीत. धाकटा मॅगेलन मेघ केम्ब्रिजच्या क्षितिजावर कधी उगवतच नाही. न दिसणाऱ्या आकाशाचा हा अभ्यास होता, आणि कानांनी अधू असलेल्या या बाईंनी तो वर्षानुवर्षे केला. १९०८ साली त्यांनी दोन्ही मॅगेलन मेघांतील १७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी दिली. १९१२ साली धाकट्या मेघातील पंचवीस ताऱ्यांचे आवर्तनकाल मांडले. सव्वा दिवसापासून १२७ दिवसांपर्यंतचे ते काल पाहता नियम स्पष्ट झाला: तारा जितका तेजस्वी, तितके त्याचे आवर्तन दीर्घ.

दूरच्या डोंगरावरील एकाच गावातले दिवे आपणांपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात; त्यांतला मोठा दिसतो तो खरोखरच मोठा. मेघातील ताऱ्यांचेही तसेच. म्हणून आवर्तन मोजले की खरे तेज कळते, आणि खऱ्या तेजाशी दिसणारे तेज ताडले की अंतर. १९२३ साली हबलला देवयानीच्या तेजोमेघात असा तारा सापडला व तो मेघ आपल्या आकाशगंगेच्या पार पलीकडचा ठरला. पुराणात शर्मिष्ठेला देवयानीची दासी व्हावे लागले. येथे तिच्याच पित्याच्या समूहातील ताऱ्याने देवयानीचे अंतर सांगितले, ही मला मौजेची गोष्ट वाटते.

१९१२ च्या त्या पत्रकाखाली सही होती संचालक पिकरिंग यांची. निवेदन मिस लेव्हिट यांनी तयार केले, असे त्यांनी पहिल्याच वाक्यात नमूद केले. तेवढा न्याय त्यांना दिलाच पाहिजे. परंतु ज्या वाटेचे दार या बाईंनी उघडले, तिच्यावर त्यांना चालू दिले नाही. ध्रुवाजवळील ताऱ्यांच्या प्रती ठरविण्याच्या कामास त्यांना जुंपले गेले. काम उपयुक्त होते, यात शंका नाही. पण ते दुसऱ्या कोणासही देता आले असते.

१९२५ साली स्वीडनचे गणिती मिटाग-लेफ्लर यांनी त्यांना नोबेल पारितोषिकासाठी सुचविण्याच्या इच्छेने पत्र लिहिले. १२ डिसेंबर १९२१ रोजी मिस लेव्हिट कर्करोगाने वारल्या होत्या. पत्राचे उत्तर नव्या संचालकांनी धाडले.