रंग आधी कुठल्या खोलीला?

आमच्याकडे घराला रंग लागतो तो दोन निमित्तांनी. ईद आली म्हणून, नाहीतर घरात लग्न निघालं म्हणून. यंदा दोन्ही एकदम आलं. ईदनंतर धाकट्या बहिणीला बघायला कोल्हापूरचे पाहुणे येणार होते आणि मिरजेच्या आमच्या घराच्या भिंतींनी दहा वर्षांत ब्रश पाहिला नव्हता.

शेजारच्या घरांतून दिवाळीच्या आधी साफसफाई निघते. पाऊस संपलेला असतो, ऊन चांगलं पडतं, भिंती सुकू लागतात. रंगकामाला हा हंगाम उत्तम. आमची ईद चंद्रावर चालते. चांद्र वर्ष १०-११ दिवसांनी लहान असतं, त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१५ ची ईद जुलैत होती, ऐन पावसाळ्यात. मोहल्ल्यात सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे रंग काढला, अब्बांनीही बाहेरच्या खोलीला प्लॅस्टिक पेंट दिला. भिंतीतली ओल भिंतीतच राहिली. गणपती येईपर्यंत रंगाला फोड आले आणि हाताएवढे पापुद्रे सोफ्यावर पडू लागले. यंदा, २०२५ मध्ये, रमजान २ मार्चला सुरू झाला. म्हणजे तयारीचा शाबान महिना फेब्रुवारीत, कोरड्या हवेत. शब-ए-बरात झाली आणि अब्बांनी विषय काढला.

अब्बा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांनी या कामासाठी २५,००० रुपये बाजूला ठेवले होते. भावानं मोबाइलवर चित्रं दाखवायला सुरुवात केली. पीओपीचं छत, त्यात लपवलेले दिवे, विटांसारखा दिसणारा चिकट वॉलपेपर. सगळं बाहेरच्या खोलीसाठी. दुसऱ्या कुठल्या खोलीचं नावसुद्धा निघालं नाही.

आमचं घर म्हणजे आगगाडीसारख्या एकामागोमाग तीन खोल्या. बाहेरची खोली, मधली खोली आणि शेवटी स्वयंपाकघर. वर मंगलोरी कौलं. (ही कौलं आपल्याकडे इतकी रुळलीत, पण त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला काढला.) बाहेरच्या खोलीला रस्त्याकडे दोन खिडक्या आहेत. स्वयंपाकघराला एकही नाही. एक दार, तेही मागच्या बोळात उघडणारं. ओट्यामागची भिंत धुरानं काळी, मोरीकडची ओलीनं हिरवी. चाळीस वर्षं अम्मी तिथं उभी आहे. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. तांदूळ निवडायचे असले की ती सूप घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसते, कारण आत खडा दिसत नाही. रमजानमध्ये सेहरीसाठी पहाटे साडेतीनला उठून एका पिवळ्या बल्बखाली रोट्या भाजते.

मी वहीत मांडून पाहिलं. पाहुणे बाहेरच्या खोलीत फार तर दोन तास बसणार. अम्मी रोज किमान सहा तास स्वयंपाकघरात असते. मग २५,००० रुपये कुठं लागायला हवेत? मी अब्बांना वही दाखवली.

अब्बा म्हणाले, "बेटा, लोक घर बघून माणसं ठरवतात. बाहेरची भिंत बघून ठरवतात." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्यात स्थळं अशीच मोडली आहेत आणि त्याची झळ बापालाच आधी लागते. अम्मीला विचारलं तर ती म्हणाली, "मेरे कू क्या, मैं अंधेरे में बी रोटी सेक लेती." मला यातलं 'अंधेरे में बी' ऐकू आलं. बाकीच्यांना 'मेरे कू क्या' ऐकू आलं.

तिढा सोडवला धाकटीनं. ती एवढंच म्हणाली, "ते आपली बाहेरची खोली बघून जाणार. मला मात्र त्यांच्या आतल्या खोलीत राहायचंय. आपण त्यांचं स्वयंपाकघर बघायला जाणार आहोत का?" कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी अब्बा स्वतः शिडी लावून मागच्या छपरावर चढले.

ओलीचं कारण तिथंच सापडलं. पन्हळ फुटली होती आणि दर पावसाळ्यात सगळं पाणी मोरीच्या भिंतीच्या पायथ्याशी पडत होतं. रंगाचा डबा आणण्याआधी हे शोधावं लागतं. ओल्या भिंतीवर प्लॅस्टिक किंवा ऑइल पेंट लावला की त्याचा थर ओल आत कोंडतो, मग ती रंगच ढकलून बाहेर येते. आम्ही पन्हळ बदलली, फुटकी कौलं बदलली, मोरीकडचा कुजलेला गिलावा खरवडून काढला. तरुण गवंडी सिमेंट मारून देतो म्हणाला. घर जुनं, विटा आणि चुन्यातलं, म्हणून एका म्हाताऱ्या गवंड्याला गाठलं आणि त्याच्याकडून चुना-वाळूचाच गिलावा करून घेतला. चुन्याची भिंत श्वास घेते, आतली ओल हळूहळू बाहेर सोडते. तो गिलावा सुकेपर्यंत तिथं कुणाला हात लावू दिला नाही.

मग कौलं. चार ठिकाणची मातीची कौलं काढून काचेची बसवली, दोन ओट्याच्या वर आणि दोन मधल्या खोलीत, जिथं घरातल्या बायका नमाज पढतात. भिंत फोडून खिडकी काढण्याच्या मानानं हा खर्च काहीच नाही.

रंग म्हणून तिन्ही खोल्यांना चुनाच दिला. बाहेरच्या भिंतीवरचा जुना प्लॅस्टिक पेंट मी, धाकटी आणि दोन भाच्यांनी चार संध्याकाळी पत्र्यानं खरवडला, कारण त्यावर चुना धरत नाही. चुना रात्रभर भिजवला, कापडातून गाळला, चिकटायला डिंक घातला आणि पांढरेपणा उठून दिसावा म्हणून चिमूटभर नीळ. भिजता चुना भाजतो. हातमोजे घालावेत, डोळे सांभाळावेत, पोरांना लांब ठेवावं.

भिंतींवरचं उतरवणं हेही एक कामच होतं. एकाच खिळ्यावर सात वर्षांची कॅलेंडरं, मक्का-मदिनेच्या फोटोंची, आयती छापलेली. ती कुणी रद्दीत टाकत नाही, म्हणून तशीच साठत जातात. सगळी एका स्वच्छ पिशवीत घालून मशिदीत दिली. तिथं असा कागद अदबीनं पुरण्याची सोय आहे. आता प्रत्येक खोलीत एकच चौकट आहे आणि ती वाचता येते.

हिशेब देते, कुणाला उपयोगी पडेल. पन्हळ आणि कौलांची दुरुस्ती ३,४००. गिलावा, मजुरीसह ५,२००. काचेची कौलं १,६००. चुना, डिंक, नीळ, ब्रश १,१००. दोन रंगारी तीन दिवस ४,८००. दोन एलईडी ट्यूब आणि स्वयंपाकघरातली नवी वायर १,९००. सोफ्याची कव्हरं आणि मांडणीला रंग ३,३००. एकूण २१,३००. जुनी ट्यूब ४० वॅटची असायची, ही २० वॅटची, म्हणजे उजेड मिळूनही बिल वाढलं नाही. पडदे अम्मीच्या जुन्या सुती साड्यांचे, घरीच शिवले. उरलेल्या ३,७०० मधून धुरासाठी एक्झॉस्ट पंखा येईल.

केरळात कमी खर्चाची घरं बांधणारे लॉरी बेकर गांधीजींची एक गोष्ट सांगत. घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून उभं राहावं, असं गांधीजी त्यांना म्हणाले होते. जुनी दारं, फुटक्या फरश्या बेकर पुन्हा वापरत. आपल्याकडे इसराफ, म्हणजे उधळपट्टी, नको म्हणून मिंबरवरून सांगितलं जातं, ते बहुतेक वेळा लग्नाच्या जेवणावळीबद्दल असतं. भिंतींबद्दल कुणी बोलत नाही. एका खोलीला छताखाली दुसरं छत लावायचं आणि दुसरीत माणूस अंधारात ठेवायचा, हाही इसराफच. पैशाचाही आणि माणसाचाही.

पाहुणे एप्रिलमध्ये आले. बाहेरची खोली त्यांनी फारशी पाहिली नाही, पांढऱ्या भिंतीत पाहण्यासारखं काही नसतं. मुलाच्या आईनं असरची नमाज मधल्या खोलीत पढली, मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली. मान वर करून बराच वेळ बघत राहिली आणि अम्मीला विचारलं, काचेचं कौल केवढ्याला पडलं? दोघींचं पुढं बरंच बोलणं झालं. स्थळाचा निरोप अजून यायचा आहे.

पुढची ईद आणखी दहा-अकरा दिवस अलीकडे येईल, तेव्हाही हवा कोरडीच असेल. चुन्याचा दुसरा हात तेव्हा देऊ. तोवर घरात एक बदल झालाय, जो कुणी ठरवला नव्हता. अब्बा सकाळचा पेपर आता स्वयंपाकघरात बसून वाचतात. म्हणतात, तिथं अक्षर चांगलं दिसतं. अम्मी त्यांच्याच पुढ्यात तांदळाचं सूप ठेवते.