गवळ्याचा वाडा

आमच्या बरडावरच्या वावरात सव्वीस गोट्यांचं एक रिंगण आहे. घरात त्याला रिंगण कोणी म्हणत नसे, गवळ्याचा वाडा म्हणत. "बैलं कुठं हाये?" "वाड्याजवय." पत्ता सांगायला तेवढं पुरे. लहानपणी मला वाटे, प्रत्येकाच्या वावरात जशी विहीर असते, धुरा असतो, तसा एक वाडाही असतोच.

गोटे काळ्या पाषाणाचे. सगळ्यात मोठा माझ्या कंबरेला लागतो, सगळ्यात लहान बसलेल्या वगारीएवढा. मधली जागा थोडी फुगलेली, मुरमाड, तिथे तरोटा आणि एक बोरीचं झुडूप सोडून काही होत नाही. आबाजी सांगत, पूर्वी इकडे गवळ्यांचं राज्य होतं, ते रात्री गाई-म्हशी या गोट्यांच्या आत कोंडत. अमावास्येला तिथे ताक घुसळल्याचा आवाज येतो, असंही सांगत. जागलीला गेलं तरी वाड्यात कोणी खाट टाकत नसे. ही गवळ्यांची गोष्ट एकट्या आमच्या घरची नव्हती. नागपूरकडच्या बहुतेक रिंगणांना ती चिकटलेली आहे.

वाड्याच्या पूर्वेला, चाळीसेक पावलांवर, आमचं खळं. दरवर्षी पौषात आबाजी ते नव्याने करत. आधी मधोमध मेढ रोवायची. मेढीला अंबाडीचा दोर सैल फासाने अडकवायचा, दुसऱ्या टोकाला विळा बांधायचा आणि दोर ताणून एक फेरा मारायचा. मातीवर रेघ उठे. मग त्या रेघेच्या आतली जागा खणून, पाणी शिंपून, बैलांनी तुडवून, वर शेणानं सारवून घेत. दोर मेढीला गुंडाळला जाऊ नये म्हणून फास सैल ठेवायचा, हे माझं काम. एकदा मी तो घट्ट ठेवला. रेघ निघाली तिथे परत येऊन मिळेना, आतून वीतभर सरकली. आबाजी म्हणाले, "खयं हाय का शंख हाय हा?" पुढे तीस वर्षं मी पोरांना वर्तुळ, केंद्र, त्रिज्या शिकवली. परंतु केंद्र सुटलं की काय होतं, ते मला खडूच्या आधी त्या विळ्यानं शिकवलं होतं.

वाडा म्हणजे काय हे कळलं ते नोकरीत. नागपूरहून काटोलकडे जाताना जुनापाणीला अशी सुमारे तीनशे वर्तुळं आहेत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं इकडची काही वर्तुळं उकरून पाहिली होती. पुढे शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड इथे रीतसर उत्खनन केलं. आत कुठेही ताकाची रवी निघाली नाही. निघाली ती माणसांची हाडं, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, कट्यारी, मणी. माहुरझरीला माणसांबरोबर पुरलेले घोडेही मिळाले, तांब्याच्या दागिन्यांसकट. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला. म्हणजे ज्या मुरमाला आम्ही गवळ्याचा गोठा समजत होतो, ती कोणाची तरी मयताची जागा होती. हे मी घरी सांगितलं तेव्हा आई फक्त एवढंच म्हणाली, "म्हून तं तिथं काही पिकत नाही."

निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला आणि अलेक्झांडर थॉम यांच्याविषयी वाचण्यात आलं. हे स्कॉटलंडचे गृहस्थ ऑक्सफर्डला अभियांत्रिकीचे प्राध्यापक. सुट्ट्यांमध्ये थिओडोलाइट घेऊन ते ब्रिटनमधली शिलावर्तुळं मोजत हिंडले, अशी कित्येक वर्षं. 1967 साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं, की या वर्तुळांतली बरीचशी गोल नाहीतच. काही एका बाजूनं चपटी आहेत, काही अंड्यासारखी, आणि हे चुकून झालेलं नाही. दोर, खुंट्या आणि काटकोन त्रिकोण घेऊन ती मुद्दाम तशी आखली आहेत. शिवाय सगळ्यांच्या मागे एकच माप आहे, 2.72 फुटांचं. पुढे संख्याशास्त्र जाणणाऱ्यांनी शंका काढली, की नुसत्या पावलांनी जमीन मोजली तरी असाच आकडा हाती लागेल. ही शंका मीही वाचली होती. पण वाचून बाजूला ठेवली. माणूस नवं खूळ लागताना एवढं करतोच.

फीत घेऊन वाड्यावर गेलो. आधी केंद्र काढलं, शाळेत शिकवत होतो तसंच: दोन गोट्यांमध्ये दोर ताणायचा, त्याच्या मध्यावर लंब टाकायचा, दुसरे दोन गोटे घेऊन पुन्हा तेच, दोन लंब जिथे छेदतील तिथे खुंटी. गोटे लहानमोठे असल्यामुळे मोजायचं कुठून, हा घोळ होता. बाहेरून मोजलं तर आकडे फूट-फूट हलत होते. आतल्या अंगानं मोजायला लागलो आणि चकित झालो. गोट्यांच्या पाठी कशाही असोत, तोंडं एका रेघेवर होती. ज्यांनी लावले त्यांनी आतली रेघ पाहून लावले होते. समोरासमोरच्या आठ जोड्यांची अंतरं घेतली. पाच ठिकाणी 49 फूट, दोन-चार इंच इकडेतिकडे. आणि पूर्वेकडे जाणाऱ्या तीन जोड्या कमी, एक तर चांगली दोन फुटांनी. चार गोटे आत होते. आमचा वाडा एका बाजूनं चपटा होता!

त्या रात्री 49 ला 2.72 नं भागलं. अठरा आले. अठरा पूर्णांक काही नाही. त्रिज्या नऊ. मला झोप लागली नाही. थॉमच्या चपट्या वर्तुळात जवळजवळ तिसरा हिस्सा चपटा असतो आणि आमचा त्याहून खूप लहान होता, हे वहीत मी लिहिलं, पण बारीक अक्षरात.

याच सुमारास वाटणी झाली. बरडाचा तुकडा धाकट्याकडे गेला आणि त्याच्याबरोबर वाडाही. त्यानं बोअर मारला, पाणी लागलं, आणि संत्रा लावायचं ठरवलं. वीस बाय वीस फुटांवर दोऱ्या टाकून, चुन्याच्या खुणा करून तो वावरभर फिरत होता. त्याच्या दोऱ्या वाड्याजवळ आल्या तेव्हा मला बोलावणं आलं.

"दादा, नऊ झाडं जातात इथं. एका झाडाले पाचशे फयं धरा अन् करा हिसाब. परवा जेसीबी येते, मोठ्या धुऱ्यात लोटून देतो गोटे."

मी वही काढली. थॉम सांगितला, चपटी बाजू सांगितली, अठराचा भागाकार दाखवला. म्हणालो, हजारो कोस दूरच्या आणि आपल्या माणसांचं माप एक निघतं, ही काय साधी गोष्ट आहे? तो शांतपणे ऐकत होता. लहानपणापासून त्याची हीच रीत, मोठ्या भावाला तोंडावर नाही म्हणायचं नाही. शेवटी म्हणाला, "तुमी मास्तर मानसं. तुमाले गोल दिसते, मले जागा दिसते." आणि चुन्याचं टोपलं उचलून पुढे गेला. जमीन त्याची होती. मला तिथे बोलायचा हक्क भाऊपणाचा, सातबाऱ्याचा नाही.

आत्याबाई त्या आठवड्यात लग्नासाठी आल्या होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या, दिसायला कमी, आठवण मात्र धारदार. ओसरीवर माझी वही उघडी पडलेली. त्यात काढलेलं रिंगण त्यांनी डोळ्यांशी नेऊन पाहिलं.

"वाडा काहाडला का रे?"

मी हो म्हणालो आणि चपट्या बाजूवर बोट ठेवून माझं सगळं पुराण पुन्हा लावलं. त्या हसायला लागल्या.

"हे चार गोटे तं तुया आबाजीनं सरकवले. खय्यावर बंडी जाये ना, तं चाक अडे तिथं. म्या डोयानं पाह्यलं. सब्बल लावली, दोन गडी लावले, अन् एकेक गोटा आत लोटला. दोन तं घरीच आनले. एक हिरीच्या थारोयात गेला. अन् हा पायरीचा कोठचा हाय मंग?"

मी ओसरीवरून खाली पाहिलं. आमच्या घराची खालची पायरी. तिच्यावर एका ओळीत पाच वाट्या आहेत, वाटाणे ठेवावेत एवढ्या उथळ. लहानपणी आम्ही त्यांत चिंचोके मांडून खेळलो. दिवाळीत आजी एका वाटीत तेल घालून वात लावी. अशाच वाट्या जुनापाणीच्या गोट्यांवर आहेत. रिव्हेट-कार्नाकलाही त्या पाहून युरोपातल्या दगडांवरच्या खुणा आठवल्या होत्या. आणि खगोलाच्या अभ्यासकांनी जुनापाणीला जाऊन हे वाट्यांचे गोटे रिंगणात नेमके कोणत्या दिशांना आहेत, ते मोजून पाहिलं आहे. हे सारं मी वाचलेलं होतं. वाचून रोज त्या पायरीवर पाय ठेवून घरात जात होतो. आमचा गोटा दोन रिकाम्या जागांपैकी कोणत्या जागेचा, वाट्यांचं तोंड आकाशाकडे होतं की आत की बाहेर, हे आत्याबाईंना आठवत नव्हतं. आबाजींनी ज्या दिवशी तो बंडीत घातला त्या दिवशी ते पुसलं गेलं.

माझं चपटं वर्तुळ बंडीच्या चाकानं केलेलं निघालं. अठराच्या भागाकाराचंही मग काही वाटेना. आबाजींच्या हातानं भागलं तर सव्वाबत्तीस-साडेबत्तीसच्या पुढे कुठेतरी येत होतं, माझ्या पावलानं वीसच्या आसपास. ज्यानं भागाल त्याचं काहीतरी येतंच.

ही बातमी धाकट्याकडे माझ्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाड्यावर हसतच आला. "दादा, तुमचं इलायती गुपित तं आबाजीच निघाले!" मलाही हसू आलं. जेसीबी दुपारी यायचा होता. मी म्हणालो, जायच्या आधी एकदा पुरा गोल पाहून घेऊ. तू दोर धर. खुंटी होतीच. साडेचोवीस फुटांचा दोर बांधला, फास सैल ठेवला, आणि टोक त्याच्या हातात दिलं.

तो चालू लागला. दोराचं टोक एका गोट्याच्या तोंडाला लागलं, दुसऱ्याच्या लागलं, तिसऱ्याच्या. कुठे बोटभर आत, कुठे चार बोटं बाहेर. दहाव्या गोट्यापाशी त्याचं हसू गेलेलं होतं. पूर्वेकडे आला तेव्हा दोर आत सरकलेल्या गोट्यांवरून उचलून पलीकडे न्यावा लागला. तिथे रेघेवर त्यानं टाच दाबली. आजूबाजूला मुरूम कडक होता, आणि रेघेवर हातभर जागा भुसभुशीत, काळ्या मातीची. पाच पावलांवर पुन्हा तशीच. तो न सांगता मोजत गेला. अशा चार जागा त्याला टाचेनंच सापडल्या. उरलेल्या दोन गोट्यांच्या जागा बंडीच्या वाटेत घट्ट झाल्या असाव्यात.

फेरा पुरा करून तो निघाला होता तिथेच येऊन उभा राहिला. दोराकडे पाहत होता. मधल्या फुगवट्यावर दोर घासत होता, तो दोनदा उचलून घ्यावा लागला होता.

"दादा, हे मंधात उंच हाय. मंग तेनं दोर सरय कसा फिरवला असंन?"

मी गप्प राहिलो. इतके दिवस फीत धरून मला हे सुचलं नव्हतं.

"मंजे पह्यले जागा सपाट होती," तो म्हणाला. "पह्यले मेढ, मंग गोल, मंग गोटे. अन् मानूस ठेवला तवा वरून भर टाकली. खय्यासारखंच. आधी मेढ."

उत्खननांच्या अहवालांत आतल्या भरावाचं वर्णन आहे, दुसरीकडून आणून दाबलेल्या काळ्या चिकण मातीचं, दगडगोट्यांचं. कामाचा क्रम मात्र मला तरी धाकट्यानंच सांगितला. तो अगदी असाच असेल असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण दोर फिरवलेला माणूस तो आहे, मी नाही.

दुपारी जेसीबी आला. ड्रायव्हरनं विचारलं, "हे गोटे काढायचे ना मालक?" धाकटा म्हणाला, "तिकडचा धुरा सारखा कर आधी." संध्याकाळपर्यंत धुराच सारखा होत राहिला. आत सरकलेले चार गोटे मशीननं जागेवर लोटून घेऊ का, असं त्यानं मला विचारलं. मी नको म्हणालो. मशीनच्या दातांनी आतलं काय काय उलटून वर येईल, याची भीती होती. शिवाय ते चार आता आबाजींनी ठेवलेले होते.

पायरी मात्र आम्ही बदलली. वाट्यांचा गोटा आता तुळशीजवळ आहे. परत वाड्यावर न्यायचा तर कोणत्या जागी, कोणीकडे तोंड करून, हे ठरत नाही, म्हणून तिथेच आहे. धाकट्याची नात त्याच्यावर चिंचोके मांडते.

संत्र्याचा पहिला मृग बहार गेल्या वर्षी आला. बगीचा पाहायला व्यापारी आला, तो ओळी मोजत वावरभर हिंडला. मधल्या तीन ओळी वाड्यापाशी तुटतात आणि पलीकडून पुन्हा सुरू होतात. त्यानं ओळी गुणिले झाडं असा सरळ हिशोब केला आणि आकडा सांगितला.

"त्यातले नऊ कमी करा," धाकटा म्हणाला.

"मेली का?"

"नाही. लावलीच नाही."