मोज्याची सुरकुती

मधुमेहाचा रुग्ण समोर बसला की मी आता आधी त्याला पायमोजे काढावयास सांगतो. ही सवय मला वैद्यकीय महाविद्यालयातच लागावयास हवी होती. ती लागली बास्केटबॉलच्या एका प्रशिक्षकामुळे, आणि तीही उशिरा.

विद्यार्थिदशेत मी बास्केटबॉल खेळत असे. पुढे खेळ सुटला, त्याविषयी वाचण्याचा नाद तेवढा उरला. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाला जॉन वुडन यांनी १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत १० वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. तिकडे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ‘फ्रेशमन’ म्हणतात. त्या काळच्या नियमानुसार त्याला मुख्य संघातून खेळता येत नसे; वर्षभर नवख्यांच्या संघात राहून शिकावे लागे. सात फुटांहून उंच ल्यू अल्सिंडर, म्हणजेच पुढचा करीम अब्दुल-जब्बार, १९६५ साली असाच नवखा होता. त्या नवख्यांनी आपल्याच विद्यापीठाच्या, राष्ट्रीय विजेत्या असलेल्या मुख्य संघाला हरवले होते!

असल्या मुलांना वुडन आरंभी काय शिकवीत? पायमोजे घालायला. मोजा ओढून घ्यायचा, बोटांवरून आणि टाचेवरून हात फिरवायचा, एकही सुरकुती राहू द्यायची नाही. मग नाडी नीट बांधायची. सुरकुतीने फोड येतो आणि फोड आला की खेळाडू बसून राहतो, एवढेच कारण. वुडन मूळचे शाळामास्तर, ते उगीच नव्हे.

हे वाचून मी हसलो होतो. पुढच्याच हिवाळ्यात आमच्या अण्णांच्या करंगळीखाली लोकरी मोज्याची घडी रुतली. जुना मधुमेह, पायाची संवेदना गेलेली. त्यांना काही कळलेच नाही. त्या जखमेवर ते रोज फिरावयास जात राहिले. धुवायला टाकलेल्या मोज्यावरचा डाग माझ्या पत्नीने पाहिला, तोवर करंगळी काढण्यावाचून उपाय उरला नव्हता. मी दर महिन्याला त्यांच्या रक्तातील साखर पाहत होतो. पाय एकदाही पाहिला नव्हता.

त्यानंतर त्यांना वॉकर घेऊन चालणे शिकवायचे होते. मी म्हणे, “अण्णा, नीट चाला. किती वेळा सांगायचे?” ते गप्प होत, आणि दुसऱ्या दिवशी उठायलाच नाखूष असत. फिजिओथेरपीसाठी येणारी मुलगी मात्र एवढेच सांगे : “आधी वॉकर पुढे. आता दुखरा पाय. आता चांगला.” अण्णा तिचे ऐकत. मला पुन्हा वुडन आठवले. दोघा मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या सरावाच्या वेळचे बोलणे टिपून ठेवले होते. त्यात शाबासकी थोडी, रागावणेही थोडे. सुमारे तीन चतुर्थांश बोलणे म्हणजे काय करायचे आणि कसे, याची निव्वळ माहिती. खेळाडू चुकला की ते बरोबर कृती करून दाखवीत, मग त्याची चूक, मग पुन्हा बरोबर कृती. आपण घरी वृद्धांशी बोलतो त्यात माहिती किती असते, हे एक दिवस मोजून पाहावे. मी मोजले आणि ओशाळलो.

आपल्या घरी मधुमेही व्यक्ती असेल तर रोज रात्री तिचे तळवे आणि बोटांमधल्या फटी उजेडात पाहाव्यात. वाकता येत नसेल त्याने जमिनीवर आरसा ठेवावा. बूट घालण्यापूर्वी आत हात घालून खडा नाही ना ते तपासावे. मोजा सुती, जाड शिवण नसलेला, पोटरीला न काचणारा असावा. फोड दिसला तर तो फोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. दुखत नाही म्हणून थांबू नये, कारण न दुखणे हाच तर धोका आहे. (वुडन खेळाडूंना अगदी चपखल बसणारे बूट घ्यायला लावीत. तेवढे मात्र त्यांचे ऐकू नये. बोटांपुढे थोडी जागा हवी.)

अण्णा आता ८४ वर्षांचे आहेत. मोजे स्वतःच घालतात आणि त्याला चांगली पाच मिनिटे लावतात. परवा मी दवाखान्यात जाण्याच्या घाईत बूट चढवत होतो, तर खुर्चीतून म्हणाले, “थांब. टाचेशी दुमडलाय.”