डाव्या हाताचा नाद

खर्ज हा जागा मागणारा स्वर आहे. तंबोऱ्याला भोपळा लागतो, देवळातल्या नगाऱ्याला भले थोरले भांडे लागते आणि पखवाजाचे डावे तोंड उजव्यापेक्षा रुंद असते. लहान वस्तूतून उंच स्वर सहज निघतो. गंभीर स्वराला अंग मोठे हवे. निसर्गाचा हा नियम ठाऊक असूनही, मोटारीत मावेल अशी खर्जाची एक लहान पेटी तयार करण्याच्या खटाटोपात आम्ही पडलो. बाजारात तिला सबवूफर म्हणतात. गाडीतले नेहमीचे स्पीकर जेथे थकतात तेथून खालचा, म्हणजे सेकंदाला साधारण २० ते ८० कंपनांचा आवाज काढणे, एवढेच तिचे काम.

याला कारण हौस नव्हे. आमचे वडील, दादा, पूर्वी पखवाज वाजवीत. होळकरांच्या या इंदुरात एकोणिसाव्या शतकात नाना पानसे यांनी पखवाजाची थोर परंपरा उभी केली. दादांचे वादन देवळातल्या भजनापुरतेच, पण कान पक्का. आज त्यांचे वय ८६. पायांत बळ उरलेले नाही, बोटेही चालत नाहीत. महिन्यातून एकदा त्यांना घेऊन आम्ही उज्जैनला आत्याकडे जातो. वाटेत त्यांना ध्रुपद ऐकायचे असते. एकदा मध्येच ते म्हणाले, "उजवा हात अर्धामुर्धा ऐकू येतो रे, पण डावा कुठे गेला?"

प्रश्न साधा होता, पण आम्हांला तो लागला. दादांच्या कानांची तपासणी नुकतीच झाली होती. डॉक्टरांनी दिलेल्या आलेखात उंच स्वरांकडची रेघ पार घसरलेली होती. खालच्या स्वरांकडे मात्र ती बरीचशी सपाट होती. वार्धक्यात बहुधा असेच होते. वरचे आधी जाते, खालचे मागे राहते. म्हणजे ज्या स्वरांत दादांचा कान अजून शाबूत होता, नेमके तेच स्वर गाडीत त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते. धावत्या गाडीतील चाकांची आणि इंजिनाची घरघर बहुतांशी खालच्या पट्टीतच असते, आणि ती खर्जाला आधी गिळते.

आमचे चिरंजीव अभियंता आहेत. त्यांनी तोडगा तत्काळ सांगितला: डिकीत बारा इंची स्पीकरची मोठी पेटी बसवायची. परंतु डिकीत दादांची चाकाची खुर्ची घडी करून ठेवलेली असते. पेटी ठेवली तर खुर्ची घरी राहणार, आणि खुर्ची घरी राहिली तर दादाही घरीच राहणार. मागच्या चाकाच्या कमानीशेजारी एक कोपरा तेवढा मोकळा होता. त्यात आतून जेमतेम ८ लिटरची पेटी मावत होती.

येथे एका जुन्या नियमाशी गाठ पडली. अमेरिकेत १९५४ साली एडगर विल्चर यांनी हवाबंद पेटीतील कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खर्ज काढून दाखविला. पुढे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या केएलएच या कंपनीच्या नावातील 'एच' म्हणजे हॉफमन. प्रसिद्ध पियानोवादक योसेफ हॉफमन यांचे हे चिरंजीव. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा: पेटी लहान, स्वर खोल आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिहींपैकी दोनच गोष्टी मिळतात, तिसरी सोडावी लागते.

आमच्या पेटीचा हिशेब पाहिला म्हणजे हे पटेल. निवडलेला आठ इंची स्पीकर मोकळ्या हवेत सेकंदाला ३५ कंपनांवर झुलत होता. ८ लिटरच्या बंद पेटीत कोंडलेल्या हवेमुळे तोच आकडा दुप्पट, म्हणजे ७० झाला. तो खाली आणायचा उपाय आम्हांला दादांच्या पखवाजातच सापडला. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात. पुडी जड होते आणि स्वर खाली उतरतो. स्पीकरच्या हलत्या भागाचे वजन दुप्पट केले, तर ७० चे साधारण ५० होतात. पण त्याची किंमत मोजावी लागते. तेवढ्याच आवाजाला आता चौपट वीज लागते. ५० वॅटच्या जागी २००. बारा व्होल्टच्या बॅटरीतून ती ओढायची म्हणजे भर जोरात सुमारे २० अँपिअर. म्हणून जाड तार आणि बॅटरीजवळच फ्यूज ही काटकसरीची जागा नव्हे.

शिवाय स्वर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे हलावे लागते. लहान पडदा किती हलणार? त्यालाही मर्यादा आहे. तेव्हा काय सोडायचे, हे ठरविणे आले. चिरंजीवांना मोठा आवाज सोडवेना. "बाबा, रस्त्यावर कळलं पाहिजे," ते म्हणाले. आम्ही म्हणालो, "रस्त्याला कळून काय करायचं? पुढच्या सीटवर कळलं म्हणजे झालं." दोन दिवस घरात थोडा अबोला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच ८ लिटरची आकृती काढून आमच्यापुढे ठेवली.

एका बाबतीत मात्र गाडीनेच हात दिला. ५० कंपनांच्या स्वराची हवेतील लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. गाडीच्या आतली जागा तिच्या निम्मीही नाही. अशा वेळी लाट पसरत नाही, तर आतली सगळी हवा एकदमच दाबली आणि सोडली जाते. त्यामुळे स्वर जसजसा खाली जातो, तसतशी बंद गाडी त्याला अधिकाधिक उचलून धरते. पेटी जेथे दुबळी पडते, तेथेच गाडी तिला आधार देते. तंबोऱ्याला भोपळा, तशी आमच्या पेटीला गाडी. खिडकी उघडली की हा आधार बराचसा जातो, हेही अनुभवाला आले.

पेटी १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची केली. सांध्यांतून हवा निसटू नये म्हणून आतून गोंदाचा जाड थर दिला, पोटात कापूस भरला आणि धक्क्यात ती उसळू नये म्हणून बोल्टांनी पक्की बसविली. पहिल्याच दिवशी गाडीचा नंबरप्लेटपासून आरशापर्यंत प्रत्येक सैल भाग खडखडू लागला. आमच्या सौभाग्यवतींनी जुन्या घोंगडीचे तुकडे कापून दिले. ते जागोजागी दाबून बसविल्यावर शांतता झाली.

त्यानंतरच्या उज्जैनच्या फेरीत धमार चालू असताना दादा बराच वेळ बोलले नाहीत. आवाज मोठा नव्हता. मागे बसलेल्या नातीची झोपही मोडली नाही. सांवेर मागे पडल्यावर दादांच्या डाव्या हाताचा तळवा मांडीवर पडू लागला, आणि समेवर अचूक पडू लागला. चिरंजीव गाडी चालवीत होते. त्यांनी तो हात पाहिला आणि आवाजाचे बटण होते तेथेच राहू दिले.

असो. ज्यांच्या घरी वृद्ध मंडळी आहेत, अशा वाचकांस एकच सुचवावेसे वाटते. "ऐकू येतं ना?" असे विचारले तर ही माणसे आपल्याला त्रास नको म्हणून बहुधा हो म्हणतात. त्यापेक्षा "काय ऐकू येत नाही?" असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.