मुलाखतींतील ताठ मान

नोकरीच्या मुलाखतीस निघालेल्या उमेदवाराला उपदेशकांचा तोटा कधींच नसतो. छाती पुढें काढ, नजरेला नजर दे, हात बांधूं नकोस! उपदेश फुकट मिळतो. पण त्याचा खर्च उमेदवाराला सोसावा लागतो.

आगाशी, निर्मळ, अर्नाळा या गांवांतील मुलांना आम्ही वर्षानुवर्षें शिकवीत आलों आहों. घरीं सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या या मुलांस वडीलधाऱ्यांपुढें दृष्टि खालीं ठेवण्याचें वळण लहानपणींच लागतें. मुलाखतींत हाच विनय त्यांच्या मुळावर येतो. समोरचे गृहस्थ त्याला अज्ञान समजतात. त्यांत विरारची लोकल! १८६७ सालीं विरारहून मुंबईस पहिली लोकल सुटली. आज चर्चगेटपर्यंतचे साठ किलोमीटर ती अंग चोरून उभें राहण्याचीच विद्या शिकविते. उतरतांक्षणींच ऐसपैस बसावें तरी कसें?

पाश्चात्त्यांनीं यावर एक सोपा तोडगा काढला होता. २०१० सालीं डॅना कार्नी, ॲमी कडी व अँडी यॅप यांनीं ४२ जणांवर प्रयोग करून सांगितलें कीं, दोन मिनिटें ऐटींत राहिल्यानें शरीरांतील संप्रेरकेंसुद्धां बदलतात. २०१५ सालीं सुमारें २०० जणांवर पुन्हा प्रयोग झाला, तेव्हां बळ आल्याची भावना तेवढी उरली. संप्रेरकें जागचीं हललीं नाहींत. २०१६ सालीं तर खुद्द कार्नीबाईंनींच तो परिणाम आपण खरा मानीत नसल्याचें जाहीर केलें.

मग देहबोली व्यर्थ म्हणावी काय? तसें नव्हे. सरावाच्या वेळीं आम्हीं एका विद्यार्थिनीस तिचे गुण विचारले. तिचे खांदे पडले, आवाजही पडला. मग सहज घरच्या सुकेळ्यांविषयीं विचारलें. राजेळी केळें किती पिकलेलें हवें, ऊन किती द्यावें, आभाळ आलें तर काय करावें, हें सांगतां सांगतां तिची मान आपोआप वर आली आणि हातही बोलूं लागले. ही ऐट तिला कोणीं शिकविली नव्हती. विषय तिचा होता.

उमेदवारानें अर्धा तास आधीं पोंचावें, पाणी प्यावें, सरळ बसावें आणि विचारणाऱ्याकडे पाहून बोलावें. एवढी देहबोली पुरे. बाकीचें बळ विषयाच्या ज्ञानांतून येतें. परीक्षकांसही आमची एक विनंती आहे. पहिला प्रश्न उमेदवाराच्या ओळखीच्या वाटेवरचा विचारावा. खालीं गेलेली मान वर आणणें, हें खुर्चीच्या पलीकडल्या बाजूचेंही कर्तव्य आहे.