साठ पानांचे कुळ

सिएटलजवळच्या रेडमंड येथे लेकीच्या घरी सहा महिन्यांच्या मुक्कामाला गेलेल्या एका निवृत्त मराठी प्राध्यापकांना तेथील लांबच लांब दुपारी कशा घालवाव्यात, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात पडला. बरोबर नेलेली चार पुस्तके वाचून संपली होती आणि पाऊस थांबण्याचे चिन्ह नव्हते. लेक-जावई कामावर जात. तेरा वर्षांचा नातू शाळेतून परतला की जेवणाच्या टेबलावर चित्रांचे पत्ते मांडून बसे आणि तासन् तास त्यांची उलटापालट करी. तो खेळत नसे. खेळण्याची तयारी करीत असे. प्राध्यापकांना प्रथम याचेच नवल वाटले.

खेळाचे नाव ‘मॅजिक: द गॅदरिंग’. तो १९९३ साली याच परिसरातून बाहेर पडला. त्याचा कर्ता रिचर्ड गारफील्ड हा गणिताचा अभ्यासक, आणि प्रकाशन करणारी कंपनी जवळच्याच रेंटन गावची. या खेळात दुकानातून आणलेला ठरीव जोड खेळायचा नसतो. आजवर छापल्या गेलेल्या हजारो पानांतून प्रत्येकाने आपला जोड आपणच रचायचा. नियम मोजके आहेत. पाने किमान ६०. आणि मूलभूत भूमीची पाने वगळता एका नावाची पाने चारांहून अधिक नकोत. दर पाळीला एक भूमी मांडता येते; भूमीतून शक्ती मिळते आणि त्या शक्तीच्या बळावर जीव पाचारण करायचे. प्रतिपक्षाचे २० प्राणांक शून्यावर आणले की डाव जिंकला.

प्राध्यापकांचे बालपण सावंतवाडीत गेले होते. त्यांच्या आजोळी दशावतारी गंजिफ्याचा एक जोड होता: लाखेचे रोगण दिलेली १२० वाटोळी पाने, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. मत्स्याच्या सत्तीवर सात मासे मोजून घ्यावेत. अर्ध्या रंगांत दश्शी वरचढ, तर उरलेल्या अर्ध्यांत एक्का. त्यामुळे एका रंगातले क्षुद्र पान दुसऱ्या रंगात मानाचे ठरे. असा जोड चिताऱ्याच्या घरून येतो तो पुरा होऊनच येतो. त्यात कोणाला ठेवावे आणि कोणाला काढावे, हा प्रश्न खेळणाऱ्यापुढे उभाच राहत नाही. एक पान हरवले तर सारा जोड बाद. नातवाच्या टेबलावर याच्या नेमके उलट चालले होते. तेथे जोड पुरा होई तो पाने काढून टाकल्यानेच.

नातू एकाच कुळाचा जोड रचीत होता. समुद्रतळाशी राहणारे मत्स्यमानव, ज्यांना तो ‘मरफोक’ म्हणे. एका जातीच्या जीवांभोवती रचलेल्या अशा जोडाला खेळाडू बरीच वर्षे ‘ट्रायबल’ म्हणत आले. कंपनीने मात्र २०२३ मध्ये तो शब्द टाकला आणि पानांवरील त्या नावाच्या वर्गाला ‘किंड्रेड’ असे नवे नाव दिले. नातवाच्या तोंडी जुनाच शब्द होता. ज्या देशात त्या शब्दाने कोट्यवधी हाडामांसाची माणसे ओळखली जातात, तेथून आलेल्या प्राध्यापकांना तो खटकला, आणि आयुष्यभराच्या सवयीने ते प्रतिशब्द शोधू लागले. ‘जमात’ नको, ‘ज्ञाती’ तर त्याहून नको. अखेर त्यांनी ‘सगोत्र’ सुचविला. नातवाने अर्थ विचारला. एकाच मूळपुरुषाचे वंशज, असे त्यांनी सांगितले. सगोत्र विवाहाच्या निषेधाची भानगड मात्र मुद्दामच उकरून काढली नाही.

गोत्राची ही कल्पना खेळात केवळ नावापुरती नाही. ‘लॉर्ड ऑफ अटलांटिस’ हे पान मांडले की आपल्या बाजूच्या इतर सर्व मत्स्यमानवांचे बळ एकेकाने वाढते. ‘मास्टर ऑफ द पर्ल ट्रायडंट’ हा २०१२ सालचा दुसरा राजा, त्याचेही कार्य तेच. दोन राजे एकत्र आले की प्रत्येक जण दुसऱ्याला टेकू देतो आणि एरवी कोणी ढुंकून पाहणार नाही असा किरकोळ मासाही लढवय्या होतो. यातील एका तपशिलाने प्राध्यापक विशेष रंगले. १९९३ च्या मूळ छपाईत अटलांटिसच्या राजाच्या पानावर कुळाचे नावच नव्हते. जातीच्या रकान्यात नुसते ‘लॉर्ड’. ज्यांच्यावर तो राज्य करी त्यांच्यात तो मोडत नसे. पुढे नियमकर्त्यांनी त्याला कुळात घेतले, पण तसे करताना मजकुरात ‘इतर’ हा शब्द घातला. त्यामुळे राजाचे दान राजाला पोहोचत नाही, ते नाहीच. एवढ्या एका शब्दावर विद्यापीठात तासाभराचे व्याख्यान सहज झाले असते.

नातवाचा खरा भरवसा होता तो ‘स्प्रेडिंग सीज’ या पानावर. ते प्रतिपक्षाच्या एखाद्या भूमीवर ठेवले की ती भूमी बेट होते. प्रतिपक्षाकडे बेट असले की अटलांटिसच्या राजाच्या प्रजेला कोणी अडवू शकत नाही. म्हणजे आधी दुसऱ्याच्या भूमीत समुद्र घुसवायचा आणि मग त्या पाण्यातून बिनविरोध चालून जायचे. कोकणात वाढलेल्या माणसाला हा डावपेच उलटा वाटावा, यात नवल नाही. त्यांचा परशुराम बाण मारून समुद्र मागे हटवतो आणि भूमी मिळवतो. त्यांचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या खाजणाचे बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवतात. परशुरामाची कथा ऐकून नातू म्हणाला, “आजोबा, मग तो माझ्याविरुद्ध खेळतोय.” दशावतारांत मत्स्य आणि परशुराम एकाच विष्णूची रूपे आहेत, हे सांगावे की नाही याचा विचार करण्यात प्राध्यापकांची ती संध्याकाळ गेली.

पानांची अंतिम मोजणी झाली ती गुरुवारी रात्री, कारण शुक्रवारी संध्याकाळी जवळच्या दुकानात मुलांचे डाव असत. पाने भरली ६३. जास्तीची तीन पाने कोणती, हे दोघांनाही ठाऊक होते. महिन्यापूर्वी त्याच दुकानातल्या स्वस्त पानांच्या खोक्यातून प्राध्यापकांनी स्वतः निवडून आणलेली ‘मरफोक ऑफ द पर्ल ट्रायडंट’ या नावाची ती तीन पाने होती. बळ एक, सहनशक्ती एक, अंगी कसलाही विशेष नाही. त्यांना ती आवडली होती चित्राखालच्या मजकुरासाठी. मानवी विद्वानांच्या मते मत्स्यमानव हे बुडालेल्या अटलांटिसच्या माणसांचे वंशज. तर मत्स्यमानवांच्या मते माणसे हीच त्यांच्यातून निघून जमिनीवर गेलेली शाखा. मूळ कोण आणि शाखा कोण, या वादात भाषाभ्यासकाचे चित्त न गुंतेल तरच नवल.

“तीन पाने जास्त राहिली तर नियम मोडतो का?” त्यांनी विचारले.

नियम मोडत नव्हता. पण नातवाने कागद ओढून आकडेमोड दाखवली. एखाद्या नावाची चार पाने ६० च्या जोडात असली, तर पहिल्या सात पानांत त्यांपैकी एक तरी हाती येण्याची शक्यता शंभरात सुमारे ४०. जोड ६३ चा झाला की ती सुमारे ३८ वर येते. एवढ्या दोन आकड्यांसाठी? होय, दोनच आकड्यांसाठी. मग तो थोडा थांबला आणि पानांकडे पाहत म्हणाला, “ही तीन कमजोर आहेत, आजोबा. तुम्ही आणलीत म्हणून इतके दिवस ठेवली होती.”

प्राध्यापकांनी मान हलवली. मात्र त्या वाक्याने ते जेथे जाऊन पोहोचले ते टेबल रेडमंडचे नव्हते. १९८३ साली विद्यापीठाच्या बहुभाषिक काव्यसंग्रहात मराठीच्या वाट्याला ४८ पाने आली होती, म्हणजे सोळा पानांचे तीन फर्मे, आणि संपादन त्यांच्याकडे होते. जुळवणी ५० पानांवर गेली. गळली ती त्यांच्या गावच्याच, एका बाकावर बसलेल्या मित्राची कविता. “फर्म्यात बसेना,” असे त्यांनी मित्राला कळवले. ते खोटे नव्हते. पण खरेही नव्हते. दोन पाने दुसऱ्या कोणाचीही काढता आली असती. कविता दुबळी होती, हे कारण होते, आणि ते लिहिण्याचे धैर्य त्यांना झाले नव्हते. मित्र एवढेच म्हणाला होता की सारा गाव त्या संग्रहात आहे, फक्त तो नाही. त्यानंतर पत्रव्यवहार थांबला. तेरा वर्षांच्या मुलाने जे समोर बसून, डोळ्यांत पाणी येईल असे वाटत असतानाही सांगून टाकले, ते त्यांनी चाळीस वर्षे छापखान्याच्या माथी मारून ठेवले होते.

शुक्रवारी नातू तीन डाव खेळला आणि त्यांतील दोन हरला. पहिल्या डावात त्याचे दोन राजे टेबलावर होते आणि सारी फळी चालून निघाली होती. ऐन चढाईत समोरच्या मुलाने ‘लायटनिंग बोल्ट’ टाकून एक राजा टिपला. एका पानाने एकच जीव गेला. पण त्याच क्षणी त्या राजाच्या बळावर उभे असलेले सारेच एकेक पायरी खाली आले आणि उरलेला राजाही उघडा पडला. कुळाच्या जोडाचे हेच दुखणे असते. ज्याच्यामुळे सगळे उभे राहतात, त्याच्याबरोबरच सगळे खचतात. तिसऱ्या डावात समुद्र वेळेवर पसरला आणि तो डाव नातवाने घेतला. घरी परतताना, ती तीन पाने असती तर बरे झाले असते, असे तो एकदाही म्हणाला नाही; प्राध्यापकांनीही विचारले नाही.

निरोपाच्या दिवशी नातवाने ती तीन पाने त्यांच्या हाती ठेवली. दिल्लीला परतल्यावर प्राध्यापकांनी संग्रहाची जुनी फाइल काढली. टंकलिखित प्रत पिवळी पडली होती. मित्राची कविता त्यांनी सावकाश, दोनदा वाचली. १९८३ चा निर्णय बदलावा असे तिच्यात काही आढळले नाही. पाने त्यांनी त्याच फाइलीत ठेवली आणि पत्र लिहायला घेतले. आरंभी नातवाच्या खेळाची हकीकत आली, तीच दीड पान झाली. फर्म्याविषयीचे वाक्य त्यांनी दोनदा लिहून खोडले, आणि तिसऱ्यांदा लिहिले.